‘ओंसा’ म्हणजे नक्की कोणता प्राणी?

प्रश्न असा आहे: पोर्तुगीज मजकुरात ‘ओंसा’ येते आणि कोश जग्वार सांगतो. फ्रेंचमध्ये ‘ओंस’ येते, तिथे कोश हिमबिबट्या सांगतो. जुन्या इटालियनमध्ये ‘लोन्त्सा’ असते आणि टीपकारांपैकी कुणी तिला बिबट्या म्हणतो, कुणी लिंक्स (आखूड शेपटीचे, कानांवर झुबके असलेले रानटी मांजर). स्पॅनिशमध्ये तर ‘लिन्थे’ही आहे आणि ‘ओन्था’ही. हे सगळे एकच शब्द आहेत का? आणि मराठीत उतरवताना लिहायचे काय?

आधी नेमके उत्तर देतो. हो, या सगळ्यांचे मूळ एकच, ग्रीक-लॅटिन ‘लिंक्स’. पण हा शब्द रोमान्स भाषांत, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या भाषांत, दोन वाटांनी आला. ग्रंथांतून आलेला शब्द बऱ्यापैकी लिंक्सलाच चिकटून राहिला. लोकांच्या तोंडून आलेला मात्र प्राणी सोडून ठिपक्यांच्या मागे गेला. जिथे जे ठिपकेदार मोठे मांजर भेटले, तिथे त्याने त्याचे नाव घेतले. म्हणून ‘ओंसा’चा अर्थ कोशात पाहून ठरत नाही. मजकूर कुठला आणि कधीचा, यावरून तो ठरवावा लागतो.

उच्चारांबद्दल एक सूचना. खाली सगळे शब्द देवनागरीत, शक्य तितके उच्चाराप्रमाणे दिले आहेत. स्पेनमधला ‘थ’ लॅटिन अमेरिकेत ‘स’ होतो, म्हणून स्पेनची ‘ओन्था’ मेक्सिकोत ‘ओन्सा’ असते. शब्द तोच, स्पेलिंगही तेच.

दोन वाटा का पडल्या, हे एका स्वरावरून कळते. ग्रीक शब्दातला पहिला स्वर ओठ गोल करून काढलेला ‘इ’ होता. लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडी हा ध्वनी नव्हताच. सामान्य माणसांनी त्याचा ‘उ’ केला आणि पुढे त्याचा ‘ओ’ झाला. शिकलेल्या मंडळींनी तो ‘इ’ म्हणून वाचला. हे एकट्या लिंक्सचे झालेले नाही. ग्रीक ‘क्रुप्ते’ म्हणजे झाकलेली, भूमिगत जागा. इटालियनमध्ये याच शब्दाची ‘ग्रोत्ता’ (गुहा) झाली ती लोकांच्या तोंडून, आणि ‘क्रिप्ता’ (चर्चखालचे तळघर) झाली ती पुस्तकातून. पिशवीसाठीचे इटालियन ‘बोर्सा’, फ्रेंच ‘बुर्स’, स्पॅनिश ‘बोल्सा’ हे सगळे ग्रीक ‘बुर्सा’चे, म्हणजे चामड्याच्या शब्दाचे, लोकांच्या तोंडून आलेले वंशज. तेव्हा स्वर पाहिला की वाट कळते: ‘इ’ असेल तर पुस्तकी, ‘ओ’ असेल तर बोलीतला.

पुस्तकी फांदीत इटालियन ‘लिंचे’, स्पॅनिश ‘लिन्थे’, पोर्तुगीज ‘लिंस’, कॅटलान ‘लिंक्स’ आणि फ्रेंच ‘लँक्स’ येतात. यांत फारसे घोळ नाहीत. आजच्या स्पॅनिश वा पोर्तुगीज बातमीत हा शब्द आला तर बहुतेक वेळा तो आयबेरियन, म्हणजे स्पेन-पोर्तुगालचा, लिंक्स असतो. शास्त्रीय नाव लिंक्स पार्डिनस. २००२ च्या सुमारास शंभराच्या आत उरलेला हा प्राणी २०२३ च्या गणनेत दोन हजारांच्या वर गेला, म्हणून त्याच्याबद्दल सध्या खूप लिहिले जाते. मराठीत ‘आयबेरियन लिंक्स’ असेच लिहावे. आपल्याकडे लडाखमध्ये लिंक्स आहे, पण मराठीत त्याला रुळलेले देशी नाव नाही. ओढूनताणून नवा शब्द बनवण्यापेक्षा ‘लिंक्स’ बरा.

खरी गंमत बोलीतल्या फांदीत आहे. तिचे मूळ ‘लुन्केआ’ असे धरतात. हे रूप कुठे लिहिलेले सापडत नाही, वंशजांवरून मागे जाऊन मांडलेले आहे. व्याकरणाने ते विशेषण आहे, स्त्रीलिंगी: ‘लिंक्सची’, ‘लिंक्ससारखी’. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. नाव मुळातच ‘लिंक्ससारखी’ असे असेल, तर ते लिंक्स सोडून दुसऱ्या ठिपकेदार जनावरावर जाऊन बसायला फार वेळ लागत नाही. या फांदीतले सगळे शब्द स्त्रीलिंगी का आहेत, याचेही उत्तर त्यातच आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये या ‘लुन्केआ’चे ‘लोंस’ झाले. भाल्याच्या ‘लान्केआ’ची फ्रेंचमध्ये ‘लांस’ झाली त्याच नियमाने. मग फ्रेंच कानांनी एक चूक केली. फ्रेंचमध्ये स्वराने सुरू होणाऱ्या नामाआधीचे उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) आखडून नुसता ‘ल’ उरतो. ‘लोंस’ ऐकताना पहिला ‘ल’ हे उपपदच आहे, असे लोकांना वाटले. त्यांनी तो सोडवून बाजूला काढला आणि उरली ‘ओंस’.

असेच एक उदाहरण आपल्या ओळखीच्या शब्दात आहे. फारसी ‘लाजवर्द’ म्हणजे गडद निळा दगड. आपला लाजवर्दी रंग त्यावरूनच आला. हाच शब्द युरोपात गेला आणि त्याचा पहिला ‘ल’ उपपद समजून गळाला. उरलेला तुकडा म्हणजे फ्रेंच ‘आझ्युर’, इटालियन ‘आझ्झुर्रो’. उलट दिशेनेही असे घडते. फ्रेंचमध्ये आयव्हीच्या वेलाला ‘ल्येर’ म्हणतात. मूळ शब्द ‘येर’. उपपदाचा ‘ल’ त्याला असा चिकटला की पुन्हा सुटलाच नाही.

या ‘ल’चा तपासासाठी मोठा उपयोग होतो. स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी उपपद ‘ला’ आणि पोर्तुगीजमध्ये नुसते ‘आ’. ‘लोन्सा’चा ‘ल’ उपपद समजून सोडवण्याची चूक पोर्तुगीज माणसाच्या हातून होणे शक्यच नव्हते, कारण त्याच्या उपपदात ‘ल’ नाहीच. तरी त्याच्याकडे शब्द आहे तो ‘ओंसा’. म्हणजे हा शब्द त्याला लॅटिनकडून वारशाने मिळालेला नाही. ‘ल’ गळून गेल्यावर, फ्रेंचच्या बाजूने, तयार मिळालेला आहे. स्पॅनिश ‘ओन्था’चेही तेच.

इटालियनने ‘ल’ राखला, पण शेवट चुगली करतो. ‘लान्केआ’ची इटालियनमध्ये ‘लान्चा’ होते. त्या न्यायाने ‘लुन्केआ’ची ‘लोन्चा’ व्हायला हवी होती. झाली ‘लोन्त्सा’. हा ‘त्स’ इटालियन मातीतला नाही. म्हणून हाही शब्द जुन्या फ्रेंच ‘लोंस’वरून, ‘ल’ गळण्याआधी, उसना घेतलेला आहे, असे इटालियन कोशकार मानतात.

इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात वाट अडवणारी जी चपळ, ठिपकेदार कातडीची ‘लोन्त्सा’ येते, ती हीच. तिच्यावर शतकानुशतके वाद आहे: बिबट्या, चित्ता की लिंक्स? माझे मत स्पष्ट आहे. तिथे जात ठरवू नये. चौदाव्या शतकाच्या आरंभी फ्लोरेन्सच्या वाचकाला या शब्दातून ‘ठिपकेदार, हिंस्र, परदेशी मांजर’ एवढेच ऐकू येत होते आणि कवीनेही तेवढेच सांगितले आहे: अंग ठिपक्यांचे, चाल हलकी, गती फार. मराठीत ‘ठिपकेदार श्वापद’ म्हणावे किंवा ‘लोन्त्सा’ ठेवून टीप द्यावी. ‘बिबट्या’ लिहिले तर वाचकाच्या डोळ्यांसमोर जुन्नरचा ऊस उभा राहतो, आणि ते चित्र त्या काव्यात नाही.

आता ओंसाचा प्रवास. पोर्तुगीज लोक पूर्वेकडे आले तेव्हा त्यांच्या जवळ हा शब्द होता, पण त्याला ठाम मालक नव्हता. १५१४ च्या मार्च महिन्यात पोर्तुगालच्या राजाचा वकील त्रिश्ताँव द कुन्या रोममध्ये पोपसमोर नजराणा घेऊन गेला. त्यात भारतातून नेलेला हान्नो नावाचा हत्ती होता आणि हॉर्मुझकडून आलेली, शिकारीसाठी माणसाळवलेली एक ‘ओंसा’ही होती. शिकारीला शिकवलेली, सोबत इराणी शिकारी, म्हणजे हा चित्ता असण्याचीच शक्यता दांडगी. पोर्तुगीजांच्या भारतातल्या सोळाव्या शतकातल्या कागदांत ‘शिकारी ओंसा’ दिसली तर पहिला विचार चित्त्याचा करावा. बिबट्या माणसाळवून हरणामागे सोडण्याची रीत आपल्याकडे नव्हती; चित्त्याची होती.

तोच शब्द पश्चिमेकडे ब्राझीलला गेला आणि तिथे त्याला भेटला जग्वार. तो तिथे इतका घट्ट बसला की आज ब्राझीलमध्ये नुसती ‘ओंसा’ म्हणजे जग्वार. पूर्ण नाव ‘ओंसा-पिंताडा’, ठिपक्यांनी रंगवलेली ओंसा; तिचे चित्र तिथल्या ५० रेआलच्या नोटेवर आहे. काळ्या जग्वारला ‘ओंसा-प्रेता’ म्हणतात. इथवर ठिपक्यांचा धागा टिकून आहे. पण ‘ओंसा-पार्डा’, म्हणजे तपकिरी ओंसा, हा प्यूमा आहे आणि वाढ झालेल्या प्यूमाच्या अंगावर ठिपके नसतात. त्याचेच दुसरे, तिथल्या आदिवासींच्या तुपी भाषेतून आलेले नाव ‘सुसुआराना’. म्हणजे ब्राझीलला पोचल्यावर शब्दाने ठिपकेही सोडले आणि ‘मोठे रानटी मांजर’ एवढा अर्थ धरला. आपल्याकडच्या ‘वाघ’ची चाल अशीच आहे. कोकणात ‘काल वाघ आला होता’ असे म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा बिबट्याच आलेला असतो. पट्टेरी वाघ सांगायचा तर ‘पट्टेरी’ किंवा ‘ढाण्या’ असे मुद्दाम जोडावे लागते.

फ्रान्समध्ये मात्र ‘ओंस’चे वेगळेच झाले. ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने १७६१ मध्ये पँथर, ओंस आणि लेपर्ड असे तीन प्राणी वेगळे करून मांडले. ‘ओंस’ म्हणून त्याने जे चित्र दिले ते लांब केसांच्या, फिकट, जाड शेपटीच्या जनावराचे होते, म्हणजे आज आपण हिमबिबट्या म्हणतो त्याचे. पण वर्णनात त्याने लिहिले की हा प्राणी इराणात शिकारीसाठी पाळतात आणि तो सहज माणसाळतो. ही माहिती चित्त्याची आहे. फारसीत चित्त्याला ‘यूज’ म्हणतात, आणि प्रवाशांनी सांगितलेल्या त्या यूजच्या गोष्टी हिमबिबट्याच्या कातडीला चिकटल्या. दोन प्राणी एका नावाखाली शिवले गेले.

पुढे श्रेबर या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये ब्यूफाँच्या चित्राच्या आधाराने या प्राण्याला ‘फेलिस उन्सिया’ हे शास्त्रीय नाव दिले. त्याआधी १७५८ मध्ये शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनेयसने ब्राझीलमधल्या पोर्तुगीज नावावरून जग्वारला ‘फेलिस ओन्का’ म्हटले होते. आज ही दोन नावे ‘पँथेरा उन्सिया’ आणि ‘पँथेरा ओन्का’ अशी शेजारी उभी आहेत. एक हिमालयातला, एक ॲमेझॉनचा, आणि दोघांचे जातिनाम एकाच शब्दाची दोन रूपे, ज्या शब्दाचा मूळ अर्थ ‘लिंक्ससारखी’. हे ध्यानात आले की कोशातला ‘विरोध’ विरोध राहत नाही. पोर्तुगीज कोश ब्राझीलचे सांगतो, फ्रेंच कोश ब्यूफाँचे. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

‘उन्सिया’ या रूपात आणखी एक फास आहे. लॅटिन ‘उन्किया’ म्हणजे बारावा भाग, त्यावरून वजनाचा औंस. प्राण्याच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही, पण ध्वनिबदलांनी दोन्ही शब्द एकमेकांवर आणून बसवले. पोर्तुगीजमध्ये वजनाची ‘ओंसा’ आणि जनावराची ‘ओंसा’ लिहायला-बोलायला तंतोतंत एक. स्पॅनिशमध्ये ‘ओन्था’ तशीच, शिवाय तिथे ती सोन्याचे नाणेही आहे. जुन्या मापात ही ओंसा साधारण २८.७ ग्रॅमची. इटालियनमध्ये गोंधळ नाही: वजन ‘ओंचा’, जनावर ‘लोन्त्सा’. पण इटालियनने भरपाई दुसरीकडे केली. तिथल्या खाटकाकडची ‘लोन्त्सा’ म्हणजे डुकराच्या पाठीचे मांस. तो शब्द कमरेच्या ‘लुम्बुस’वरून आलेला, वेगळ्याच घराण्यातला. बाजारहिशेबात, जहाजाच्या यादीत, पाककृतीत यांपैकी काही दिसले तर आधी आजूबाजूचे आकडे पाहावेत. ‘ओंसा’च्या मागे सोने, केशर, कस्तुरी, रेशीम असा माल आणि पुढे संख्या असेल तर ते वजन. क्रियापद पळणे, झेपावणे, खाणे असेल तर जनावर.

यंत्राकडून भाषांतर करून घेणाऱ्यांसाठी आणखी एक. फ्रेंच ‘ओंस’चे स्पेलिंग आणि स्पॅनिशमधल्या ‘ओन्थे’चे, म्हणजे अकरा या संख्येचे, स्पेलिंग अक्षरशः एकच आहे. इंग्रजीतही त्याच स्पेलिंगचा ‘एकदा’ अर्थाचा शब्द आहे. भाषा चुकीची ओळखली गेली की हिमबिबट्याचे अकरा होतात. बहुभाषक शब्दसूची तपासताना हा रकाना हाताने पाहावाच.

आता दुसरे घराणे, ज्याचा ‘लिंक्स’ शब्दाशी संबंध नाही पण प्राण्याशी आहे. रोमन लेखक प्लिनी सांगतो की पॉम्पे या रोमन सेनापतीच्या खेळांत गॉलमधून (आजच्या फ्रान्सच्या भागातून) आणलेला एक प्राणी दाखवला होता, आकाराने लांडग्यासारखा आणि अंगावर बिबट्याचे ठिपके. अशा जनावरांना ‘केर्वारी’, म्हणजे हरणांवर जाणारे, म्हणत. यातून ‘लुपुस केर्वारियुस’, हरणमाऱ्या लांडगा, हे नाव चालत आले. खेड्यापाड्यांत लिंक्सचे नाव खरे हेच होते. फ्रेंच ‘लू-सेर्व्ये’, इटालियन ‘लुपो चेर्व्येरो’, कॅटलान ‘ल्योप सेर्वे’, पोर्तुगीज ‘लोबु-सेर्वाल’, स्वित्झर्लंडच्या रोमान्श भाषेतले ‘लुफ-चेर्वेर’. रोमान्शमध्ये ते आजही नेहमीचे नाव आहे. इतरत्र पुस्तकी ‘लिन्थे-लिंचे’ने त्याला मागे सारले. फ्रेंचमध्ये ते कॅनडात टिकले. क्वेबेकचा ‘लू-सेर्व्ये’ म्हणजे कॅनडा लिंक्स. शब्दशः ‘लांडगा’ असे भाषांतर झालेले मी अनेक मजकुरांत पाहतो, आणि मग गोष्टीत नसलेला लांडगा शिरतो. ‘लू’ किंवा ‘लुपो’च्या पाठीला हे हरणाचे विशेषण असेल तर तो लिंक्स, हे पक्के धरावे.

याच ‘सेर्वाल’चा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. आफ्रिकेतल्या लांब पायांच्या, मोठ्या कानांच्या मांजराला आज जगभर ‘सर्व्हल’ म्हणतात. हे नावही ब्यूफाँच्या ग्रंथातून पसरले, आणि ते त्याने घेतले होते भारतातल्या पोर्तुगीजांकडून. त्याच्या मजकुरात हा प्राणी मलबारचा म्हणून येतो. स्थानिक नाव ‘मरापुते’ आणि पोर्तुगीज नाव ‘सेर्वाल’. मल्याळममध्ये आज ‘मरप्पट्टि’ म्हणजे झाडावरचे उदमांजर. मलबारात सर्व्हल नाही, कधी नव्हता. नाव मात्र लिंक्सवरून निघून, भारताच्या किनाऱ्यावर थांबून, आफ्रिकेतल्या मांजराला लागले.

चित्त्याची नावेही इथेच घेतो, कारण तीही याच गुंत्यातली. इटालियन ‘गात्तोपार्दो’, म्हणजे मांजर-बिबट्या, हे जुने नाव. त्यावरून फ्रेंच ‘गेपार’ झाले आणि चित्त्याचे नेहमीचे नाव बनले. स्पॅनिश ‘गेपार्दो’ तिथूनच. पण इटालियनमध्ये ‘गात्तोपार्दो’ पुढे सर्व्हलकडे सरकला आणि चित्त्यासाठी फ्रेंचवरून परत घेतलेले ‘गेपार्दो’ आले. पोर्तुगीजमध्ये ‘शिता’ही चालते, आणि तो आपल्याच ‘चित्ता’चा वंशज: संस्कृत ‘चित्रक’, अंगावर चित्रे असलेला. इथेही नाव पडले ते ठिपक्यांवरूनच. पोर्तुगीजमध्ये छापील सुती कापडालाही ‘शिता’च म्हणतात, ती आपली छीट.

रोमेनियन या सगळ्यांपासून वेगळी पडते. तिथे लिंक्सला ‘रिस’ म्हणतात. त्यातला स्वर मराठीत नाही. जीभ मागे ओढून काढलेला ‘इ’ समजा. हा स्लाव्ह शेजाऱ्यांकडून घेतलेला शब्द आहे. कार्पेथियन डोंगरांत लिंक्स भरपूर, शेजारी स्लाव्ह, तेव्हा जिवंत प्राण्याचे नाव जंगलात फिरणाऱ्यांकडून आले यात नवल नाही. ग्रीक ‘लिंक्स’ हा ‘चमकणे’ अर्थाच्या आद्य धातूचा मानतात, संस्कृतातले ‘रुच्’ आणि ‘लोचन’ ज्या कुळातले त्याच कुळातला. प्राण्याचे डोळे चमकतात म्हणून. स्लाव्ह शब्दही बहुधा त्याच मुळाचा आहे, फक्त त्याचा ‘ल’ वाटेत ‘र’ झाला. तसे असेल तर ‘रिस’ हा लिंक्सचा दूरचा चुलतभाऊच ठरतो.

रोमेनियन मजकूर शोधताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. ‘रिस’ म्हणजे हसूही. तो शब्द लॅटिन ‘रिसुस’चा. अनेकवचनात ते वेगळे होतात: लिंक्सचे ‘रिश’, हसण्याचे ‘रिसेते’. दुसरी गोष्ट, १९५३ ते १९९३ या काळात हा स्वर शब्दाच्या मध्ये टोपीवाल्या ‘आय’ने लिहीत आणि १९९३ नंतर टोपीवाल्या ‘ए’ने लिहितात. संगणकावर एकाच स्पेलिंगने शोधले तर चाळीस वर्षांचा मजकूर हाती लागत नाही.

आता खरे रानमांजर, फेलिस सिल्व्हेस्ट्रिस. लॅटिनमधले जुने ‘फेलेस’ सगळ्या रोमान्स भाषांनी टाकले आणि उशिरा आलेले ‘काट्टुस’ घेतले. स्पॅनिश ‘गातो मोंतेस’ म्हणजे डोंगरी मांजर, पोर्तुगीज ‘गातु-ब्रावु’, इटालियन ‘गात्तो सेल्वातिको’, फ्रेंच ‘शा सोव्हाज’ किंवा ‘शा फोरेस्त्ये’. रोमेनियनने इथेही आपले वेगळे ‘पिसिका’ वापरले: ‘पिसिका सल्बातिका’. जुना ‘काट्टुस’चा वंशज ‘कातुशा’ रोमेनियनमध्ये आज हातकडी या अर्थाने उरला आहे. शेजारच्या अरोमेनियन बोलीत मात्र तो अजून मांजरच आहे.

या नावांचे अटलांटिकपलीकडचे अर्थ वेगळे आहेत आणि चुका होतात त्या तिथेच. ‘गातो मोंतेस’ स्पेनमध्ये रानमांजर. मेक्सिकोत तेच नाव बॉबकॅट या छोट्या लिंक्सला, अर्जेंटिनात जोफ्रॉयचे मांजर या लहान ठिपकेदार रानटी मांजराला. क्वेबेकमध्ये ‘शा सोव्हाज’ म्हणजे रकून, मांजराच्या कुळातलाही नव्हे. लॅटिन अमेरिकेत बोलण्यातला ‘तिग्रे’ हा जग्वार असतो आणि ‘लेओन’ हा प्यूमा; ब्युनोस आयर्सजवळच्या तिग्रे गावाचे नाव जग्वारवरून पडलेले आहे. मेक्सिकोच्या डोंगरांतली ‘ओन्सा’ ही तर आणखी निराळी. कुठे ते जगुआरुंडी या लहान, बिनठिपक्यांच्या रानटी मांजराचे नाव, कुठे लोककथेतल्या, प्यूमापेक्षा सडपातळ अशा गूढ मांजराचे. १९८६ मध्ये सिनालोआत मारलेल्या अशा एका ‘ओन्सा’ची पुढे जनुकीय तपासणी झाली आणि तो प्यूमाच निघाला.

मराठीत लिहिताना ‘रानमांजर’ एकटे वापरू नका, हा माझा आग्रह आहे. आपल्याकडे रानमांजर म्हटले की माळावरचे, उसातले फेलिस चाउस डोळ्यांपुढे येते. ‘युरोपीय रानमांजर’ असे पूर्ण लिहावे. शिवाय फ्रेंच ‘शा हारे’ किंवा स्पॅनिश ‘गातो सिमार्रोन’ दिसले तर ते रानमांजर नव्हे. ते रानावर गेलेले पाळीव मांजर.

कामाची पद्धत सांगायची तर क्रम असा ठेवावा. आधी मजकुराचे ठिकाण आणि साल काढा. मग शब्दाला जोडलेले विशेषण पाहा: पिंताडा, पार्डा, प्रेता. ही विशेषणे जोडरेघेने लिहिलेली असतात आणि कोशात वेगळ्या नोंदीखाली असतात, त्यामुळे नुसत्या ‘ओंसा’खाली सापडत नाहीत. मग अंगाचे वर्णन, शेपटीची लांबी, कानांवरचे केस. लिंक्सची शेपटी आखूड असते आणि कानांच्या टोकांवर काळे झुबके असतात. हे दोन्ही नसतील तर ‘लिंक्स’ लिहिण्याआधी थांबावे. त्यानंतर प्राणी माणसाळलेला आहे का, ते पाहावे. हे सगळे करूनही जात ठरत नसेल तर ठरवू नये. ‘ओंसा’ शब्द तसाच ठेवून पहिल्या जागी एक ओळीची टीप देणे, हा चुकीचा बिबट्या आणण्यापेक्षा प्रामाणिक मार्ग आहे. ब्राझीलच्या आजच्या मजकुरात मात्र संकोच नको: नुसती ओंसा असेल तर ‘जग्वार’, ओंसा-पार्डा असेल तर ‘प्यूमा’. आजच्या फ्रेंचमध्ये हिमबिबट्याला बहुधा ‘पाँतेर दे नेज’, म्हणजे बर्फातला पँथर, म्हणतात. ‘ओंस’ जुन्या किंवा शास्त्रीय मजकुरातच भेटते. १७६१ च्या आधीच्या फ्रेंच मजकुरात ‘ओंस’चा हिमबिबट्या करू नये.

लिंगाचे भान ठेवावे लागते. ओंसा, लोन्त्सा आणि इटालियन ‘लिंचे’ स्त्रीलिंगी. स्पॅनिश ‘लिन्थे’ आणि फ्रेंच ‘लँक्स’ पुल्लिंगी. हे व्याकरणाचे लिंग आहे, जसे मराठीत मगर आणि सुसर या नेहमी ‘ती’च. नर ओंसा सांगायची तर पोर्तुगीजमध्ये ‘ओंसा-माशु’ असे जोडावे लागते. तेव्हा मूळ मजकुरात ‘ती’ आहे म्हणून मराठीत मादी जग्वार आणू नका.

वाक्प्रचारांत प्राणी उतरवायचाच नाही. ब्राझीलमध्ये ‘ओंसाचा मित्र’ म्हणजे केसाने गळा कापणारा. ‘ओंसा पाणी प्यायला येण्याची वेळ’ म्हणजे कसोटीची घटका. स्पॅनिशमध्ये एखादा माणूस ‘लिन्थे’ असतो तो चाणाक्ष, आणि ‘लिंक्सचे डोळे’ बहुतेक रोमान्स भाषांत तीक्ष्ण नजरेसाठी वापरतात. १६०३ मध्ये रोममध्ये स्थापन झालेल्या ‘लिंचेई’ विद्वत्सभेने आपले नाव याच नजरेवरून घेतले. गॅलिलिओ १६११ मध्ये तिचा सदस्य झाला. संस्थेचे नाव म्हणून ‘लिंचेई’ तसेच ठेवावे. माणसाच्या नजरेबद्दल असेल तर मराठीत घारीची नजर आहेच.